तंबूंतील शेगडी

लष्करी इतिहास वाचतांना आपलें लक्ष बहुधा तोफा, मोर्चे आणि तह ह्यांवरच खिळलेलें असतें. परंतु सैनिक लढतो थोडे दिवस. उरलेले दिवस तो राहुटींत काढतो, आणि थंड मुलखांत तेव्हां त्याचा खरा शत्रु हिंवाळा असतो. म्हणून कापडी तंबूंत ऊब कशी आणावी, ह्या वरकरणीं क्षुल्लक प्रश्नाची एक हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तंबूंत विस्तव ठेवणें घरांतल्यापेक्षां अवघड. उघडी शेगडी ठेवावी, तर कोळशाचा विषारी वायु कोंडतो आणि निजलेला मनुष्य पुन्हा उठत नाहीं. ओतीव लोखंडाची चूल ऊब धरून ठेवते खरी; पण तिच्या ओझ्यानें जनावरें थकतात, आणि आपटली तर ती तडकते. पातळ पत्र्याची चूल हलकी व लवकर तापणारी. पण ती तितक्याच लवकर निवते, म्हणून रात्रभर कोणीं तरी लांकूड घालीत बसलें पाहिजे. ओझें, ऊब आणि श्वास ह्या तिहींचा मेळ घालणें, हीच निवडीची कसोटी होय.

हा मेळ अमेरिकन घोडदळांतील हेन्री हॉपकिन्स सिबली ह्या अधिकाऱ्यानें बराचसा साधला. मैदानी इंडियन लोकांचे कातड्याचे निमुळते तंबू त्यानें पाहिले होते. त्याच धर्तीवर त्यानें कापडी तंबू बनविला व १८५६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. हा तंबू १२ फूट उंच व १८ फूट व्यासाचा असून त्यांत बाराएक शिपाई मावत. त्याच्या जोडीस आलेली शेगडी म्हणजे पत्र्याचें उपडें नरसाळेंच. तिला तळ नाहीं. जमीन हाच तिचा तळ. पायथ्याशीं लांकडें सारण्यास दार, आणि धूर बाहेर नेण्यास वर नळी. तळ नसल्यानें वजन वांचे. मात्र तिच्या निमुळत्या माथ्यावर भांडें ठरत नसे. उलट, १८९७–९८ सालीं क्लॉन्डाइककडे सोनें शोधण्यास गेलेल्या लोकांना एकाच विस्तवावर अंग शेकून अन्नहि शिजवावयाचें होतें. म्हणून उभ्या भिंतींच्या तंबूंसाठीं त्यांनीं चपट्या माथ्याची, पेटीसारखी पत्र्याची चूल पसंत केली. गरज बदलली कीं निवड बदलते, ती अशी.

१८५७–५८ च्या हिंवाळ्यांत यूटाकडे निघालेली फौज फोर्ट ब्रिजरजवळ अडकून पडली, तेव्हां सिबलीचे तंबू कसोटीस उतरले. १८५८ सालीं सरकारनें दर तंबूमागें ५ डॉलर देण्याचा करार केला. त्यांतील अर्धा वांटा बर्न्स नांवाच्या सहकारी अधिकाऱ्याचा होता. पुढें १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. सिबली गुलामगिरी राखूं पाहणाऱ्या दक्षिणेस मिळाला. बर्न्स उत्तरेकडेच राहिला. युद्धकाळांत उत्तरेच्या सरकारनें ४०,००० हून अधिक सिबली तंबू बनविले. ज्यांच्याशीं सिबली लढत होता, तेच त्याच्या तंबूंत निजत होते! १८६२ च्या मार्चांत ग्लोरिएटा खिंडीपाशीं त्याच्या फौजेच्या सामानाच्या गाड्या शत्रूनें जाळल्या, आणि त्या फौजेस उपाशीपोटीं टेक्सासकडे परतावें लागलें.

युद्धानंतर बर्न्सनें आपला वांटा मागितला, व तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो त्यास देवविला. सिबलीच्या हातीं कांहीं आलें नाहीं. ईजिप्तच्या खेदिवाची चाकरीहि त्यास टिकवितां आली नाहीं, आणि १८८६ सालीं तो दारिद्र्यांत वारला.

सिबलीवर अन्याय झाला असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या सरकारावर त्यानें शस्त्र उचललें, त्याच्याच तिजोरींतून मोबदला मागण्याचा हक्क त्यानें स्वतःच गमावला होता. तथापि त्याच्या चुकीची शिक्षा त्याच्या कृतीस देण्याचें कारण नाहीं, हा विवेक तेथील सैन्यानें दाखविला. ती शेगडी त्यानें टाकून दिली नाहीं. विसाव्या शतकांतहि ती वापरांत होती. कर्त्याचा निवाडा एका तराजूंत आणि कृतीचा दुसऱ्या तराजूंत करावा लागतो, हें इतिहासाच्या अभ्यासकानें त्या शिपायांपासून शिकण्यासारखें आहे. थंडीनें कुडकुडणाऱ्या माणसानें शेगडीपाशीं हात शेकतांना ती कोणाची, हें विचारलें नाहीं. आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं.