बेंजामिन फेरेन्झ आणि आंतरराष्ट्रीय न्यायाची वाटचाल

राज्यसंस्थेच्या आदेशाने झालेल्या सामूहिक हत्यांसाठी व्यक्तीला जबाबदार धरता येईल काय, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे उभा राहिला. या प्रश्नाला आयुष्य वाहिलेले विधिज्ञ बेंजामिन फेरेन्झ (१९२०-२०२३) यांच्या कार्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ट्रान्सिल्व्हेनियातील ज्यू कुटुंबात जन्मलेले फेरेन्झ न्यूयॉर्कमध्ये वाढले. १९४३ मध्ये हार्वर्ड येथून कायद्याची पदवी घेऊन ते अमेरिकन सैन्यात दाखल झाले व मुक्त झालेल्या छळछावण्यांतून त्यांनी पुरावे गोळा केले. पुढे त्यांच्या संशोधकांना बर्लिनमध्ये 'आइनझात्सग्रुपेन' या नाझी हत्यापथकांचे अहवाल सापडले. त्यांत नोंदलेल्या बळींची बेरीज दहा लाखांवर गेली.

१९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे या खटल्याचे मुख्य अभियोक्ता झाले तेव्हा फेरेन्झ अवघे २७ वर्षांचे होते. एकही साक्षीदार न बोलावता, केवळ आरोपींच्याच कागदपत्रांच्या आधारे त्यांनी दोन दिवसांत अभियोग मांडला. अखेरपर्यंत खटला चाललेले सर्व २२ आरोपी दोषी ठरले. १४ जणांना मृत्युदंड सुनावला गेला; प्रत्यक्षात चौघांनाच फाशी झाली आणि उर्वरित बहुतेक दोषी १९५८ पर्यंत सुटले. शिवाय पथकांत सुमारे ३,००० माणसे असताना आरोपपत्र केवळ २४ जणांवर होते, कारण आरोपींच्या पिंजऱ्यात तेवढीच आसने होती.

न्यायाची ही अपूर्णता लक्षात घेतल्यास फेरेन्झ यांचे उत्तरायुष्य समजते. नाझी अत्याचारपीडितांना भरपाई मिळवून देण्याचे कार्य केल्यानंतर त्यांनी आक्रमणाची कायदेशीर व्याख्या व स्थायी न्यायालय यांचा पाठपुरावा केला. १९९८ मध्ये रोम संविधी १२० विरुद्ध ७ मतांनी संमत झाली. तटस्थ राहिलेल्या २१ राष्ट्रांत भारत होता. २००२ मध्ये ती अमलात आली. २०११ मध्ये हेग येथे काँगोच्या थॉमस लुबांगा याच्याविरुद्ध अभियोग पक्षाच्या समारोपाच्या युक्तिवादात ९१ वर्षांचे फेरेन्झ सहभागी झाले. बालसैनिकांच्या भरतीबद्दल २०१२ मध्ये लुबांगा दोषी ठरला.

आक्रमणाच्या गुन्ह्यावरील या न्यायालयाची अधिकारिता २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. मात्र सदस्य नसलेल्या राष्ट्रांचे नागरिक सामान्यतः तिच्या कक्षेबाहेर राहिले. पिंजऱ्यातील आसनांची मर्यादा संपली, सार्वभौमत्वाची मर्यादा उरली. फेरेन्झ यांच्या कार्याचे यश आणि अपुरेपण या दोहोंचे मोजमाप येथेच होते.