स्पर्श आणि नाम : मॅक्रोच्या इतिहासातील एक प्रकरण

संगणकाच्या परिभाषेतील ‘मॅक्रो’ हा शब्द ‘दीर्घ’ अथवा ‘मोठा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे. एका लहान आज्ञेच्या पोटी अनेक आज्ञांची मालिका साठविणे हा त्याचा पारिभाषिक अर्थ होय. डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या कल्पनेचा विस्तार उच्च स्तरावरील संगणकभाषांपर्यंत केला. त्या काळी मॅक्रो लिहावा लागे. कृती करून दाखवावी आणि यंत्राने ती टिपून घ्यावी, हा प्रकार पुढचा. १९९० मधील विंडोज ३.० प्रणालीत ‘रेकॉर्डर’ नावाचे साधन होते. कळफलकावरील व माऊसच्या हालचाली टिपून त्यांची पुनरावृत्ती करणे हे त्याचे काम होते.

या टिपणात एक मूलभूत दोष होता. यंत्र जी नोंद ठेवी ती स्थानाची, हेतूची नव्हे. पटलावरील वस्तू जागची हलली, की तीच हालचाल भलत्याच ठिकाणी पडे. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर ही नोंद दर्शक सर्वनामांसारखी होती. ‘हे’ आणि ‘तेथे’ यांचा अर्थ प्रसंगाविना लागत नाही.

वाणी आणि निर्देश यांचा मेळ घालण्याचा प्रसिद्ध प्रयोग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी केला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मनुष्य पटलाकडे हात दाखवून ‘ते तेथे ठेव’ अशा अर्थाची आज्ञा उच्चारी. वाक्यातील सर्वनामांचा अर्थ हात पुरवी. अर्थात ज्याला हात उचलता येतो त्यालाच ही पद्धती उपयोगी होती.

२०१० साली आयपॅड बाजारात आला आणि बोटाचा स्पर्श हेच टॅबलेटचे मुख्य साधन ठरले. ज्यांची बोटे वळत नाहीत, त्यांची यामुळे मोठीच अडचण झाली. २०११ मधील आयओएस ५ प्रणालीत ‘असिस्टिव्ह टच’ ही सोय आली. तीत एखादी स्पर्शक्रिया टिपून ठेवता येई व पुढे एका साध्या स्पर्शाने ती पुन्हा घडविता येई. परंतु तो एक स्पर्श तरी करावाच लागे. २०१९ मध्ये आयपॅडसाठी ‘व्हॉइस कंट्रोल’ आले, तेव्हा हीही अट सुटली. टिपलेल्या स्पर्शक्रियेला स्वतःच्या पसंतीचा शब्दसमूह जोडावा आणि तो उच्चारताच ती क्रिया घडावी, अशी ही योजना होय.

याच सोयीत टिपणाचे दोन प्रकार आढळतात, आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पहिल्यात बोटाचा मार्ग टिपला जातो. हा जुन्या रेकॉर्डरचाच वारस होय. दुसऱ्यात बोललेल्या आज्ञांची मालिका टिपून ती पुन्हा चालविली जाते. अशी आज्ञा बटणाला त्याच्या नावाने हाक मारू शकते. बटण हलले तरी नाव टिकते. निर्देशाकडून नामाकडे झालेला हा प्रवास होय.

तथापि नामाचे सामर्थ्य नाव ठेवणाऱ्यावर अवलंबून असते. उपयोजन रचणाऱ्याने बटणाला वाच्य नाव दिले नसेल, तर वाणीला त्याला नावाने हाक मारता येत नाही. अशा वेळी पटलावर उमटणारे क्रमांक किंवा चौकटींची जाळी यांचाच आधार उरतो. म्हणजे नामाकडून पुन्हा स्थानाकडे परतावे लागते. डोळस व धडधाकट माणसाला या अनामिकतेचा पत्ताही लागत नाही. ज्याला केवळ आवाज आहे, त्याचे पत्र मात्र तेथेच अडून राहते. त्याचप्रमाणे ज्या भाषेतील आज्ञा यंत्राला ओळखता येत नाहीत, त्या भाषेच्या भाषकाला स्वतःचे पटल परक्या शब्दांनी चालवावे लागते.

सारांश, या इतिहासाकडे केवळ यंत्राच्या स्मरणशक्तीचा इतिहास म्हणून पाहणे अपुरे आहे. वस्तूंना नावे कोणी द्यावीत आणि ती कोणाच्या भाषेत असावीत, हा भाषाव्यवहाराचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहिलेला आहे.