भांड्यावरचे नाव

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घरात पितळेची घागर किंवा पातेले उजेडात धरून पाहिले, तर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आढळते. ते भांडे घडविणाऱ्या तांबटाचे नसते. ते घरधन्याचे असते, किंवा लग्नात आहेर करणाऱ्या मामाचे अथवा आत्याचे. भांडे कोणी केले हे कोरून ठेवण्याची गरजच नव्हती. करणारा गावच्या पेठेतच बसलेला असे, आणि भांड्याला पोचा पडला की त्याच्याकडेच जावयाचे असे.

हीच रीत मराठी माणसांबरोबर रायपुरास गेली. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून तेथील कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले, आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. सत्ता गेली, तरी मराठी कुटुंबे राहिली. त्यांच्या तांब्यापितळेला तेथे शेजार लाभला तो काशाचा. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे हे कासे महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. तळपाय चोळावयाची काशाची वाटी घरोघरी असे. छत्तीसगडात मात्र रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खावयाची ‘बासी’ ज्या ‘बटकी’त वाढीत, ती बटकीच काशाची, आणि लेकीला लग्नात काशाची भांडी देणे हा कुळाचा मान.

या भांड्यांना आणखी एक मोल होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगडास विलक्षण गांजले. अशा वेळी फडताळातली भांडी सावकाराकडे वजनावर गहाण पडत, अथवा मोडीत जात. घडणावळ बुडे, पण धातूचे मोल शिल्लक राही. ज्या स्त्रीच्या नावावर ना जमीन ना घर, तिच्या हाताशी एवढे तरी धन असे.

मग भांड्यावर करणाऱ्याचे नाव आले कोठून? करणारा आणि घेणारा यांच्यामध्ये अंतर पडले, तेथून. इंग्लंडातील अब्राहम डार्बी याने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात बिडाची भांडी ओतण्याचे पेटंट घेतले. ही भांडी स्वस्त व्हावीत म्हणून लोखंड स्वस्त हवे होते, आणि १७०९ साली कोलब्रुकडेल येथे त्याने कोळशाऐवजी दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखविले. रायपुराजवळ भिलाईला ४ फेब्रुवारी १९५९ रोजी जिचे उद्घाटन झाले, त्या प्रचंड झोतभट्टीची वंशावळ अशी एका स्वयंपाकाच्या हंड्यापर्यंत पोहोचते! माल दूरदेशी जाऊ लागला तशी नावाची किंमत वाढली. इंग्लंडात १८७५ साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि मालावरील खोट्या चिन्हांना आळा घालणारा कायदा हिंदुस्थानात १८८९ साली आला. १८९१ मध्ये नागपूर–आसनसोल लोहमार्ग पुरा झाला, आणि ज्यांचा कर्ता कोणी कधी पाहिला नाही अशा वस्तू रायपुराच्या बाजारात सुलभ झाल्या.

या नावाला नीतीचा अर्थ दिला तो स्वदेशीच्या चळवळीने. रायपुरास शिकलेले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्याचे प्रकाशक रायपूरचे वामनराव लाखे होते. ‘केसरी’तील लेखांच्या आधारे सप्रे यांनी १९०६ मध्ये स्वदेशी आणि बहिष्कार यांवर हिंदीत पुस्तिका लिहिली. वस्तू कोणी केली, हा प्रश्न आता दुकानात उभे राहून विचारावयाचा प्रश्न झाला. त्याला उत्तरेही मिळू लागली. पैसा फंडाचा काच कारखाना तळेगावी निघाला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ओगले बंधूंचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी लागला. त्या कंदिलावरचे नाव वाचणे ही एक लहानशी शपथच होती.

पश्चिमेकडे याच काळात चुलीलाही नाव मिळाले. स्वीडनचा शास्त्रज्ञ गुस्ताफ डालेन याला १९१२ साली, दीपस्तंभांच्या आपोआप चालणाऱ्या दिव्यांबद्दल, नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्फोटात त्याची दृष्टी गेली. घरी बसला असता पत्नीचा चुलीपुढचा शीण त्याच्या ध्यानी आला, असे सांगतात. १९२२ साली त्याने उष्णता साठवून ठेवणारी बिडाची भक्कम चूल सिद्ध केली. तिचे नाव ‘आगा’. ती डालेनच्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे होत. अंधाने डोळसांचा शीण जाणून केलेली ही चूल पुढे इंग्लंडात संपन्न घराची खूण बनली. कष्ट हलके करण्यासाठी निघालेली वस्तू प्रतिष्ठा दाखविण्यासाठी विकत घेतली जाऊ लागली.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. तेथील नव्या घरांतही ओट्याखालच्या शेगडीपासून बैठकीच्या कोचापर्यंत नामांकित कंपन्यांची अक्षरे झळकतात. यात खंत करण्याजोगे सारेच नाही. धूर गेला, डोळ्यांतले पाणी गेले, हे कोणत्याही कोरीव नावापेक्षा मोठे आहे. परंतु हिशेब पुरा मांडावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. नामांकित शेगडीचे मोल ती घरी आल्या दिवसापासून उतरू लागते, आणि ती मोडली म्हणजे हाती फारसे काही उरत नाही. आत्याच्या नावाचे पितळी पातेले मोडीतही मोल राखून असे.

पूर्वी भांडे सांगत असे, मी कोणाचे आहे. स्वदेशीच्या काळी ते सांगू लागले, मला कोणी केले. आता ते बहुधा सांगते, मला केवढ्याला घेतले. यांपैकी पहिल्या वाक्यात घरातल्या स्त्रीचा काही हक्क होता. नव्या चुलीने तिचे कष्ट वाचविले. तो हक्क मात्र दुसरीकडे कोठे तरी, घराच्या कागदावर वा बँकेच्या पुस्तकावर, तिच्या नावाने लिहिला गेला पाहिजे.