खाकीची घडी

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तोफा असतात, तहांच्या तारखा असतात. शिपायाचे कपडे कोणी धुतले, कोणी खळ घातली आणि कोणी घडी करून ट्रंकेत ठेवले, याची नोंद सहसा सापडत नाही. स्मरणिकेसाठी लिहावयास सांगितले तेव्हा मी मुद्दाम हाच विषय घेतला. नांदेड व लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत फौजी कपड्याकडे पाहण्याची लोकांची नजर एका पिढीत पार पालटली, आणि ती कशी पालटली हे लेकी-सुनांच्या कानांवर गेलेले बरे.

आपल्या भागात कवायती पलटणीची छावणी म्हणजे हिंगोली. इंग्रजांच्या हुकमतीखालची ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही निजामाच्या पैशावर पोसलेली फौज तेथे असे. १९०३ साली ती हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळून गेली. त्या काळच्या पायदळाचा लाल डगला सर्वांना ठाऊक आहे. खाकी त्यानंतरची. पेशावरकडे १८४६ साली हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने ‘गाईड्स’ नावाची पलटण उभारली, तिच्यात या मातकट रंगाचा प्रथम अवलंब झाला. ‘खाक’ म्हणजे फारसीत धूळ. १८५७ च्या धामधुमीत तर पलटणींनी आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यात आणि शाईत बुचकळून मळखाऊ करून घेतले. हे वाचून मला हसू आले. चहाचा डाग पडला तर आपण लिंबू शोधतो, आणि येथे सबंध पलटण हौसेने डाग पाडून घेते! १८८५ मध्ये हिंदुस्थानच्या सैन्यात हा रंग सर्वत्र लागू झाला.

पण आपल्याकडे खाकीची खरी ओळख झाली ती रझाकारांमुळे. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातुरातच वकिली करणारा. १९४७-४८ साली त्याच्या माणसांच्या टोळ्या खेड्यांतून फिरू लागल्या. खाकी कपडे दिसले की दाराला कडी, चुलीवर पाणी आणि पोरीबाळी कणगीमागे, असे थोरल्या बायका सांगत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौज हैदराबादेत पोहोचली व निजामाची राजवट संपली. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपण सहसा गाळतो. त्यानंतरच्या दिवसांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने अधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, बीदर व नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत व उदगीर बीदर जिल्ह्यात मोडत असे. म्हणजे वर्दी दिसली की दार लावण्याची पाळी आधी एकाच्या घरावर आली, मग दुसऱ्याच्या.

आणि आज? नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, लातुरात त्याच दलाचे दुसरे आहे, आणि चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे. ही दले लष्कर नव्हेत. पण शिस्त तीच, ट्रंकही तीच. काळी, लोखंडी, पांढऱ्या रंगात नाव आणि क्रमांक घातलेली. सुट्टीवरचा जवान बसस्थानकावर ती उतरवतो तेव्हा शेजारचीच बाई त्याच्या पिशवीला हात लावते.

त्या ट्रंकेतली घडी पाहण्यासारखी असते. शर्टाची बटणे लावून तो पालथा घालतात, दोन्ही बाजू पाठीवर सारख्या रुंदीने दुमडतात, बाह्या सरळ खाली सोडतात आणि खालून वर घडी आणतात. कॉलर वर राहते, दबत नाही. पाटलोणीची चूण चुणीवर बसवावयाची, मगच दुमड घालावयाची. सर्व घड्या एका मापाच्या हव्यात, कारण तपासणीच्या दिवशी सारे सामान खाटेवर मांडावे लागते आणि एक घडी रुंद झाली की सबंध रांग वाकडी दिसते. पितळी बिल्ले आधी काढावेत, नाहीतर कापडावर हिरवट डाग पडतात. लोकरीचे कपडे तळाशी, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह. मोहिमेवर निघताना मात्र घडी बाजूला राहते. पाठीवरच्या पिट्ठूत कपडे गुंडाळूनच भरतात. जागा कमी लागते आणि सुरकुत्याही कमी पडतात.

यांतले पुष्कळसे आपल्याला नवे नाही. खळ काढणे, निखाऱ्यांच्या तांब्याने इस्त्री करणे, लुगडे गादीखाली दाबून ठेवणे, हे आपल्या आया करीतच होत्या. मुलगा भरती झाला की शिस्त छावणीत शिकतो हे खरे; परंतु पहिली घडी त्याने घरीच पाहिलेली असते. मुलांना कपड्यांच्या घड्या घालावयास लावू नये असे मानणाऱ्या घरांची मला गंमत वाटते. १५ जानेवारी २०२२ रोजी लष्कराने नवा लढाऊ गणवेष पुढे आणला. त्याच्या कापडात सुताबरोबर पॉलिएस्टर आहे, त्यामुळे तेथे खळीचे काम उरले नाही.

आणखी एक घडी आहे, तिच्याविषयी लिहिताना हात जड होतो. उदगीरला खादीचे जे कापड विणले जाते त्याचे राष्ट्रध्वज होतात, आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती ते तयार करते. वीरगती पावलेल्या जवानाच्या देहावर तिरंगा घालतात तेव्हा केशरी पट्टा मस्तकाकडे असतो. तो चितेवर किंवा थडग्यात जाऊ देत नाहीत. आधी काढून घेतात. मग आडवा धरून केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडतात, आणि पांढरा असा दुमडतात की अशोकचक्र व दोन्ही रंगांची थोडी किनार दिसत राहावी. ही घडी दोन्ही तळहातांवर घेऊन आईच्या किंवा पत्नीच्या हाती देतात.

असा ध्वज अथवा वर्दी कोणाच्या घरी असेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. आत दमटपणा कोंडतो. धुतलेल्या जुन्या सुती धोतरात गुंडाळावी. डांबराच्या गोळ्या ठेवल्याच तर कापडाला टेकू देऊ नयेत. पावसाळा सरला की वर्षातून एकदा ती उघडून सावलीत वारे द्यावे, आणि परत ठेवताना दुमड थोडी सरकवावी, कारण त्याच त्या जागी वर्षानुवर्षे दुमडलेले कापड शेवटी त्याच रेषेवर विरते.