‘पुरेसे स्वयंसेवक घेतले जातील’ म्हणजे नेमकं काय?

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना आपण सगळेच हे वाक्य बिनधास्त टाकतो. पण माणसं येणार कुठून? आणि ती ‘हो’ म्हणाली, तर कशाला हो म्हणाली? अल्झायमरच्या अभ्यासात हे प्रश्न जास्तच टोचतात. उत्तरं शोधताना मला नळदुर्गपासून फार लांब जावं लागलं नाही. आपल्याच जिल्ह्यात एक मोठा धडा घडून गेलाय.

ऑक्टोबर 1999. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर एक चाचणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे एकत्र काम. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. पहिल्या भागात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, तिसऱ्यात सौम्य अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागातल्या 31,488 जणींना नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे प्रत्यक्षात तपासणी नाहीच.

बोलावलेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे 79 जणी आल्या. विचार करा, दुखत-खुपत काही नाही, तरी अंतर्गत तपासणीला यायचं! नुसतं पत्रक वाटून हे होत नाही. 2009 साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64.

यश मोठंच. पण पुढे एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी भारतातल्या अशा चाचण्यांवर बोट ठेवलं: तपासणीचा उपयोग माहीत असताना चौथा गट तसाच ठेवणं योग्य होतं का? संशोधकांची बाजू अशी, की तेव्हा देशात नियमित तपासणीची सोयच नव्हती. तुम्ही कुठल्याही बाजूने असा, त्या 31,488 जणींना विसरून हा इतिहास वाचू नका.

आता अल्झायमरकडे या. इथेही लक्षणं नसलेली किंवा अगदी सुरुवातीची माणसं लागतात, आणि इथेही एक ‘चौथा गट’ असतो. लेकानेमॅब औषधाच्या मोठ्या चाचणीत 1,795 जण होते. त्यातल्या निम्म्यांना 18 महिने औषधाशिवायचं सलाइन मिळालं. शिवाय, आज समजून सही करणाऱ्याला दोन वर्षांनी ती सही आठवेलच असं नाही. म्हणून पुढे निर्णय कोणी घ्यायचा, हे पहिल्याच भेटीत त्याच्याच तोंडून विचारून ठेवायला हवं.

अजून एक अडचण. मी आजीला तारीख विचारली, तर म्हणाली, “कालच एकादशी झाली की गं!” स्मरणशक्ती ठणठणीत, पण कागदावर गुण शून्य. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात हे ओळखून 1990च्या दशकात चाचणीच बदलली. शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन, आणि वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं. शाळा न शिकलेल्या माणसांना यादीतून गाळण्यापेक्षा हे कष्ट बरे.

तर तुमचा प्रस्ताव उघडा आणि ते वाक्य खोडा. त्या जागी तीन गोष्टी लिहा: माणसाच्या दारात कोण जाणार, ज्याला औषध मिळणार नाही त्याला ते कोणत्या शब्दांत सांगणार, आणि त्याला आठवेनासं झालं की त्याच्या वतीने कोण बोलणार. मार्गदर्शक हे विचारतीलच. त्यांच्याआधी आपण विचारलेलं बरं.