तळटीप : बार्कलीची निवड
अमेरिकन फुटबॉलच्या २०१८मधील एनएफएल ड्राफ्टमध्ये (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) न्यूयॉर्क जायंट्सने दुसऱ्याच क्रमांकावर सेक्वॉन बार्कली हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) घेतला. जॉश ॲलन आणि लमार जॅक्सन हे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारे खेळाडू) मात्र अनुक्रमे सातव्या आणि ३२व्या क्रमांकावर गेले. हे क्वार्टरबॅक सोडून रनिंग बॅक घेतला, याकडे लेखकाचा रोख आहे. संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असल्याने, त्याच जागेवर दुसरा कोणी स्वस्तात मिळेल का, हेही पाहावे लागते. रनिंग बॅक नंतरच्या फेऱ्यांतही सापडतात; उत्तम क्वार्टरबॅक क्वचितच. तरीही लेखकाने बार्कलीला ‘वाया गेलेली निवड’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. २०२४च्या साखळी सामन्यांत तो फिलाडेल्फिया ईगल्सकडून २,००५ यार्ड धावला. तिथे त्याला वाट मोकळी करून देणारी भक्कम फळी पुढे होती. – संपादक