मातीचा किल्ला आणि एक घर

लेकीकडे वॉशिंग्टनला गेलो होतो. एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, चला, किल्ला दाखवतो." माझ्या डोळ्यांसमोर सिंहगड! प्रत्यक्षात पाहिला तो भर वस्तीतला, गवताने झाकलेला मातीचा बांध आणि त्यावर तोफा. नाव फोर्ट स्टीव्हन्स.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. नदीपलीकडचं व्हर्जिनिया बंडखोरांना मिळालं आणि राजधानी उघडी पडली. मग शहराभोवती असे किल्ले उभे राहिले, युद्ध संपेपर्यंत ६८. बाहेर खंदक खणायचा आणि तीच माती आतल्या बाजूला टाकून जाड तट करायचा. तोफगोळा दगडाच्या ठिकऱ्या उडवतो, मातीत मात्र रुतून बसतो. गावाकडच्या गढीच्या भिंती आठवल्या.

११ जुलै १८६४ रोजी जनरल अर्ली दक्षिणेची फौज घेऊन इथवर आला. किल्ल्यात शिबंदी तुटपुंजी. पण त्याच दिवशी बोटींनी कुमक पोचली आणि राजधानी वाचली. दुसऱ्या दिवशी खुद्द अध्यक्ष लिंकन तटावर उभे राहून लढाई पाहत होते. त्यांच्या जवळ उभ्या असलेल्या एका लष्करी डॉक्टरला गोळी लागली. लिंकन उभे होते ती जागा आज दगड लावून दाखवली आहे.

पण माझ्या मनात राहिली ती एलिझाबेथ थॉमस. ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. जमीन तिची. १८६२ मध्ये किल्ला वाढवायचा म्हणून सैनिकांनी तिचं घर पाडलं. त्या संध्याकाळी तान्हं बाळ घेऊन आपण झाडाखाली रडत बसलो होतो, असं ती पुढे सांगत असे.

हे ऐकलं आणि आपली कंपाउंड वॉल आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी ती बांधताना वॉचमनची पत्र्याची खोली मध्ये येत होती. मी तेव्हा कमिटीत होतो. पाच मिनिटांत एकमताने ठराव झाला. बायको-मुलांना घेऊन तो कुठे जाणार, हे आम्ही कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

भिंत हवीच होती. तिच्या आत आपली मुलं निर्धास्त खेळली, मोठी झाली. या स्मरणिकेत आजवरच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आहेत, ते असावेतच. त्यांच्यासोबत त्या कुटुंबाचीही आठवण राहावी, म्हणून हे चार शब्द.